केवाच्या मांडीवरची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. परीक्षेला बसताना मुले मांडीवर घेतात आणि वर कागद धरून ठेवायला जिला पत्र्याचा चाप असतो, तसली. मी दुकानातली नाही, घरी केलेली आहे. माझी एक कड जळून काळी पडली आहे. चापाची स्प्रिंग ढिली झाल्यामुळे तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळला आहे. मला उन्हात तिरके धरले तर अंगभर बारीक चरे दिसतात. ती पुसलेली अक्षरे आहेत.

माझ्यावर दोघांनी अभ्यास केला. ती सख्खी भावंडे होती. त्यांची गोष्ट फारशी आनंदाची नाही. पण तुम्हीही परीक्षेला बसणारी मुले आहात, म्हणून ती तुम्हांला सांगावी असे वाटते.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या समुद्रातल्या आदोनारा बेटावर झाला. कोर्नेलिस नावाचा सुतार चर्चची बाके करत होता. त्यातून फणसाचा एक तुकडा उरला. पिवळाधमक, घट्ट रेषांचा. कोर्नेलिसने त्याला रंधा मारला, काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केले आणि खोबरेल चोळून दोन दिवस सावलीत ठेवले. चाप वायवेरांगच्या बाजारातून आला. कोर्नेलिस मुळात कमी बोलणारा माणूस. त्याने मला मोठ्या मुलाच्या हातात दिले आणि एवढेच म्हणाला, "बारावीचं वर्ष आहे. जपून वापर."

तो मुलगा म्हणजे कोपोंग. बाप्तिस्म्याचे नाव पेत्रुस, पण घरी आणि गावात सगळे कोपोंगच म्हणत. त्यांच्या शाळेतल्या बाकांना इतकी भोके होती की लिहिताना पेन कागदातून आरपार जाई. म्हणून परीक्षेला ज्याने त्याने आपापली फळी न्यायची. बाकीच्या मुलांकडे पातळ, भुशाच्या विकतच्या फळ्या होत्या. कोपोंगकडे मी होते. त्याचे मित्र माझ्यावर टिचकी मारून आवाज ऐकत आणि म्हणत, "हिच्यावर तर डुक्कर कापता येईल." कोपोंग हसायचा, पण मला कुणाच्या हातात फार वेळ राहू द्यायचा नाही.

कोपोंगचा अभ्यास म्हणजे घोकंपट्टी. पुस्तक माझ्या चापात अडकवून तो अंगणात फेऱ्या मारी आणि खड्या आवाजात धडेच्या धडे म्हणे. त्याची आई बारेक चुलीपाशी बसून मक्याचे पोहे करत असे. खापरात भाजलेले गरम दाणे बोटांनी उचलायचे, एका दगडावर ठेवायचे आणि दुसऱ्या दगडाने चेचायचे. हे काम आयुष्यभर करून तिच्या बोटांची टोके शिंगासारखी कडक झाली होती. पुस्तके राजधानीच्या भाषेत होती, ती तिला नीट समजत नसे. पण मुलगा अडखळत नाही एवढे तिला कळे. शेजारणी म्हणत, "बारेककडे रेडिओ लागला वाटतं." ती वर न बघता म्हणे, "तुमच्याकडे बॅटरी नाही, मी काय करू?"

माझे ते सुखाचे दिवस होते.

परीक्षा आली. मी कोपोंगच्या मांडीवर होते. भूगोलाच्या पहिल्याच मोठ्या प्रश्नात लिहिले होते: कोरडवाहू शेती आणि पाणथळातील भातशेती यांची तुलना करा. कोपोंगने 'कोरडवाहू शेती' हे शब्द पाहिले आणि त्याचे पेन सुटले. तो धडा त्याला तोंडपाठ होता. त्याने पाने भरून कोरडवाहू शेती लिहिली. भाताचा त्यात एक दाणाही नव्हता. पुढे ज्वालामुखीच्या मातीचे दोन फायदे विचारले होते. त्याने ज्वालामुखीचे प्रकार, उद्रेकाची कारणे, लाव्ह्याचे थर असे सगळे लिहिले. फायदेही त्यात कुठेतरी होते. घंटा झाली तेव्हा शेवटचे प्रश्न कोरे होते. तरी बाहेर येताना तो आनंदात होता. येते ते सगळे लिहिले, एवढे त्याला पुरेसे वाटत होते.

तो नापास झाला.

भूगोल शिकवणारे आणि तपासणारे तोकान गुरुजी होते. शिस्तीचे, पांढऱ्या सदऱ्याचे, कुणाला एक गुण जास्त न देणारे आणि उगाच एक गुण न कापणारे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोपोंग त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या काखेत होते.

"गुरुजी, मी लिहिलंय त्यात चूक काय आहे?"

"चूक काही नाही."

"मग?"

"विचारलं ते नाही लिहिलंस."

"मला येत होतं ते सगळं लिहिलं मी."

"तुला काय येतं ते विचारलंच नव्हतं रे," गुरुजी म्हणाले. आणि पुढच्या उत्तरपत्रिकेकडे वळले.

पुढच्या वर्षी पुन्हा बसता आले असते. गुरुजींनी तसे सांगितलेही. पण आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत बसायचे कोपोंगच्या जिवावर आले. गावातली बरीचशी मुले तेव्हा समुद्रापलीकडे, परक्या देशातल्या साबाला, तेलताडाच्या मळ्यांवर कामाला जात होती. अजूनही जातात. गावात कुणी देशाचे नाव घेत नाही, 'पलीकडे गेला' म्हणतात. एक दलाल आला, त्याने मुले गोळा केली आणि कोपोंग पलीकडे गेला. मला त्याने स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवले. तो मला कुठे नेणार? तिथे लिहायचे काही नव्हते.

मित्रांनो, वापरात नसलेली वस्तू घरात फार दिवस मोकळी राहत नाही. आधी मी मक्याच्या मडक्याचे झाकण झाले. मग चूल फुंकायचा पंखा झाले. एकदा निखाऱ्यांवर विसरले गेले, तेव्हा ही कड जळाली. मुद्दाम कुणी केले नाही. घर कामात होते.

कोपोंगचा फोन यायचा. ताडाच्या फळांचे घड किती जड असतात, लांब काठीच्या विळ्याने ते कसे पाडतात, हे तो सांगायचा. बारेक एकच विचारायची, जेवलास का. नंतर फोन कमी झाले. मळ्यावर सिग्नल नसतो, असे तो म्हणाला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी चर्चचे पाद्री अंगणात आले आणि उभेच राहिले. बारेकने त्यांना बसा म्हटले. ते बसेनात, तेव्हा तिने हातातला दगड खाली ठेवला.

मी स्वयंपाकघरात मडक्यावर होते. पुढे जे झाले त्यातले मला दारातून दिसले तेवढेच सांगते. एक लहान ट्रक आला. त्यातून पेटी उतरवली. सोबतच्या माणसाने कागदावर कोर्नेलिसची सही घेतली आणि पेटी उघडू नका म्हणून बजावले. कागदावर छापले होते: पेत्रुस कोपोंग, वय वीस, मृत्यू नैसर्गिक कारणाने. वीस वर्षांच्या मुलाला नैसर्गिक असे काय झाले, हे ट्रकवाल्याला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, त्याचे काम फक्त पोचवायचे.

कोर्नेलिस पेटीजवळ गेला. त्याने सांध्यांवरून हात फिरवला. लाकूड हलके, ओले होते आणि खिळे तिरपे गेले होते. साऱ्या गावाची दारे, बाके, पेट्या त्याच माणसाने केल्या होत्या. आपल्या मुलाची पेटी मात्र त्याला करायला मिळाली नाही. तो तिरपा गेलेला एक खिळा अंगठ्याने दाबत राहिला.

मग त्यांनी पेटी दफनभूमीकडे नेली. मला दिसेनाशी झाली.

कोपोंगची धाकटी बहीण केवा. भावाहून चार वर्षांनी लहान, कमी बोलणारी, बापासारखी. बारावीत गेली तेव्हा तिने मला मडक्यावरून काढले आणि राख व नारळाच्या काथ्याने घासायला बसली. बारेकने पाहिले.

"ती चुलीत घाल," ती म्हणाली.

केवा घासत राहिली.

"ऐकू येत नाही का तुला? त्या फळीनं काय भलं केलं घराचं?"

कोर्नेलिस दारात रंध्याला धार लावत होता. तो म्हणाला, "लाकडानं काय केलं असेल, बारेक?" त्यावर बारेक चुलीकडे वळली. पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे पाठ करून बसू लागली.

केवाला अभ्यासाची एकच रीत माहीत होती, भावाची. तीही अंगणात फेऱ्या मारू लागली. पण तिचा आवाज भावासारखा खडा नव्हता, पुटपुटल्यासारखा होता. बारेकला तो सहन होईना, म्हणून केवा घरामागे डुकरांच्या कुंपणापाशी जाऊन पाठ करायची. घसा सुकेपर्यंत तेच पान. पिवळ्या पेनाने सगळ्या ओळी रंगवून टाकायची, मग कुठली ओळ महत्त्वाची ते तिलाच कळायचे नाही.

सराव परीक्षा झाली. एका प्रश्नात कारणे द्या म्हटले होते, तिने व्याख्या लिहिली. दुसऱ्यात तुलना करा म्हटले होते, तिने एकाच बाजूचे लिहिले. तोकान गुरुजींनी ती उत्तरपत्रिका तपासली आणि त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ते आमच्या अंगणात आले.

गावची रीत अशी की दारात आलेल्याला आधी पाणी, मग पान-सुपारी. बारेक जागची हलली नाही. तिचा दगड चालूच होता.

"केवाला रोज थोडा वेळ शिकवावं म्हणतो," गुरुजी म्हणाले. "इथंच येईन. तिला लांब यायला नको."

"एक पोरगं तुम्ही नापास केलंत," बारेक म्हणाली. "आता दुसरं कशाला हवंय?"

गुरुजी उभेच होते. त्यांनी कोर्नेलिसकडे पाहिले नाही, केवाकडेही नाही.

"त्याला येत होतं हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "तरी गुण देता येत नव्हते."

"मग जा आता."

"उद्या येतो," गुरुजी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी खरेच आले. तेव्हा कोर्नेलिसने त्यांच्यासाठी चिंचेखालची बांबूची माची झटकून दिली. पाणी मात्र त्या दिवशीही मिळाले नाही, त्यानंतर कितीतरी दिवस मिळाले नाही. गुरुजी आपली बाटली घेऊन येत.

त्यांची शिकवायची तऱ्हा केवाला आधी विचित्र वाटली. ते जुन्या प्रश्नपत्रिका आणत, माझ्या चापात लावत आणि सांगत, उत्तर लिहायचे नाही. प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा. त्यात काम सांगणारा शब्द कुठला आहे तो शोधून त्याखाली रेघ मारायची. किती मागितले आहे त्याभोवती गोल करायचा. मग आपल्या शब्दांत सांगायचे की या माणसाला माझ्याकडून काय हवे आहे. बस, एवढेच. कित्येक दिवस केवाने एकही उत्तर लिहिले नाही. ती कंटाळली, चिडली. एकदा म्हणाली, "गुरुजी, मला उत्तर येतंय याचं."

"येतंय म्हणूनच हात आवर," ते म्हणाले. "न येणारा थांबतो. येणारा धावत सुटतो आणि भलत्याच गावाला पोचतो."

घरी तिला 'सांग' हा एकच शब्द पुरायचा. परीक्षेच्या कागदावर मात्र सांगायच्या दहा तऱ्हा होत्या. ते तिला पटावे म्हणून एके दिवशी गुरुजींनी प्रश्नपत्रिका बाजूला ठेवली.

"परसात काय काय आहे, नावं सांग."

"दोन डुकरं, कोंबड्या, केळ, शेवगा."

"बरोबर. नावं मागितली, नावं दिलीस. आता तुमचा शेवगा सुकलाय, त्याचं कारण दे."

"आई मुळाशी चुलीतली गरम राख ओतते म्हणून."

"आता तुमच्या शेवग्याची आणि शेजारच्या शेवग्याची तुलना कर."

केवा सांगू लागली. आमच्या शेवग्याची साल निघाली आहे, पाला पिवळा आहे, एक फांदी वाऱ्याने मोडली, बाबांनी तिला आधार दिला आहे. ती बराच वेळ बोलत राहिली.

"आणि शेजारचा?" गुरुजींनी विचारले. "तो कुठं गेला?"

केवाचे तोंड उघडेच राहिले. चुलीपाशी दगडाचा आवाज थांबला होता. बारेकला राजधानीची भाषा कळत नसे, पण हे सगळे बोलणे घरच्या भाषेत चालले होते. कोर्नेलिस रंध्यावरून मान न उचलता म्हणाला, "आमचा शेवगा आमच्यासारखाच आहे गुरुजी. उभा आहे, एवढंच."

कुणी हसले नाही. मग केवाने हळू आवाजात विचारले, "दादानं हेच केलं होतं का?"

"हेच."

"मग त्याला का नाही शिकवलंत हे?"

गुरुजींनी बाटलीचे झाकण उघडले, पुन्हा लावले. "मला वाटायचं, प्रश्न वाचता आला म्हणजे समजला. मला स्वतःला कधी कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला जमत होतं. नोकरीभर मी मुलांना एवढंच म्हणत आलो, प्रश्न नीट वाचा. नीट म्हणजे कसा, ते सांगितलं नाही."

बारेकचा दगड पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा जोरात.

अभ्यासाची रीतही त्यांनी मोडून नवी केली. पुस्तक उघडे ठेवून वाचताना सगळ्यांनाच सगळे येते, ते म्हणत. खरे काय येते ते पुस्तक मिटल्यावर कळते. म्हणून केवा एक भाग वाची, पुस्तक पालथे घाली आणि चुलीतल्या कोळशाने आठवेल तेवढे माझ्या अंगावर लिही. मग पुस्तक उघडून पाही आणि सुटलेले विटेच्या तुकड्याने लाल लिही. सुरुवातीला मी लालभडक होऊन जायची. ओल्या फडक्याने पुसायचे, दुसरा विषय घ्यायचा आणि दोन दिवसांनी, विसरायला लागले की, पुन्हा पहिल्याकडे यायचे. ही रीत केवाला आवडली नाही. पाठ करताना आपल्याला येतेय असे वाटायचे, इथे रोज येत नाही हेच दिसायचे. एकदा रडकुंडीला येऊन तिने मला जमिनीवर आपटले. चापाची स्प्रिंग तेव्हाच ढिली झाली. कोर्नेलिसने मला उचलले, रबर गुंडाळला आणि पुन्हा माचीवर ठेवले.

हळूहळू लाल कमी होत गेले.

परीक्षेच्या दिवशी बारेकने तिला मक्याचे पोहे बांधून दिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाऊस येईल. फळी कापडात गुंडाळ."

भूगोलाच्या दिवशी केवा शांत होती. तिने सगळे प्रश्न आधी वाचले, शब्दांखाली रेघा मारल्या, गोल केले. जिथे नावे मागितली होती तिथे नावे लिहून ती पुढे गेली. मला तिच्या हाताचा भार कळत होता, तो एकसारखा होता. मग ती शेवटच्या प्रश्नाशी आली आणि तो भार नाहीसा झाला. तिने हात उचलला होता.

प्रश्न असा होता: आपल्या भागातून कामासाठी होणाऱ्या स्थलांतराची दोन कारणे स्पष्ट करा आणि त्याचा गावावर झालेला एक परिणाम उदाहरणासह लिहा.

ती कितीतरी वेळ तशीच बसली. मग कच्च्या कागदावर भराभर लिहू लागली. दादा, ट्रक, पेटी, आई, कागदावरचे ते शब्द, पेटी उघडू नका. अक्षर इतके दाबून येत होते की माझ्यावर वळ उठत होते. तो कागद भरला आणि ती थांबली. पर्यवेक्षकांनी थोडा वेळ उरल्याचे सांगितले. तिने त्या सगळ्यावर एक आडवी रेघ मारली. पुन्हा प्रश्नाकडे आली. 'स्पष्ट करा'खाली रेघ. 'दोन'भोवती गोल. 'एक'भोवती गोल. 'गावावर' आणि 'उदाहरणासह' यांखाली रेघ.

मग तिने लिहिले. पहिले कारण, जमीन उथळ आणि खडकाळ, पाऊस थोडेच महिने, त्यामुळे मक्याचे एकच पीक निघते आणि तरुणांना वर्षाचे बरेच दिवस काम नसते. दुसरे कारण, बारावी नापास झालेल्यांना बेटावर पगाराची नोकरी नाही आणि गावचे लोक आधीपासून पलीकडे असल्याने जाण्याची वाट तयार आहे. प्रत्येकाखाली 'त्यामुळे' घालून तिने ते पुरे केले. मग परिणाम: गावात काम करू शकणारे तरुण पुरुष उरत नाहीत. आणि त्याखाली:

'उदाहरणार्थ, पेत्रुस कोपोंग हा तरुण कामासाठी गेला व तेथे मरण पावला. त्याची पेटी दफनभूमीपर्यंत उचलून नेण्यास गावात पुरेसे तरुण नव्हते. ती त्याचे वडील, दोन म्हातारे, त्याची आई आणि बहीण यांनी नेली.'

मित्रांनो, मी मडक्यावर होते, मला हे माहीत नव्हते. त्या दिवशी तिच्या पेनाखाली मला ते पहिल्यांदा कळले.

तिने पूर्णविराम दिला, उत्तर एकदा वाचले आणि उठली. रडली ती बाहेर येऊन, भिंतीला टेकून, मला छातीशी धरून.

ती पास झाली. निकाल सांगायला तोकान गुरुजी स्वतः आले. त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते आणि ते त्यांनीच दिले होते. ते कोर्नेलिसला म्हणाले की तपासताना त्यांनी कोपोंगचे नाव असलेले ते उत्तर दुसऱ्या एका शिक्षकाकडे नेले, आपला हात सैल पडत नाही ना हे बघायला. त्यानेही तेच गुण दिले. कोर्नेलिसने मान हलवली. त्याच आठवड्यात केवाच्या वर्गातली कितीतरी मुले बोटीत बसून पलीकडे गेली. त्यातली काही पास झालेली होती.

बारेक चुलीपाशी होती. तिने विचारले, "माझ्या पोराचं नाव आलं म्हणता. काय विचारलं होतं तिथं?"

केवाने तिला प्रश्न घरच्या भाषेत सांगितला.

"स्पष्ट करा म्हणजे?"

"म्हणजे नुसतं काय झालं ते नाही सांगायचं, आई. कशामुळं झालं, ते ऐकणाऱ्याला समजेल असं सांगायचं."

बारेकने हातातला दाणा दगडावर ठेवला. तो चेचला नाही.

"मग माझ्या पोराचं मला कुणीच स्पष्ट केलं नाही," ती म्हणाली. "कागदावर मेला एवढंच आलं."

मग पहिल्यांदाच तिने उठून तोकान गुरुजींपुढे पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी तो हातात घेतला. बराच वेळ त्यांना तो तोंडाला लावता आला नाही.

दुसऱ्या दिवशी केवाने माझ्या चापात कोरा कागद लावला. या वेळी तिला प्रश्न वाचायचा नव्हता, लिहायचा होता. गुरुजी शेजारी बसले होते. तिने दोनदा लिहून खोडले, कारण आधीच्या वाक्यांना 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन कुणालाही सुटता आले असते. शेवटी तिने लिहिले: 'पेत्रुस कोपोंग, वय वीस, याचा मृत्यू कोणत्या ठिकाणी, कोणत्या कामावर असताना आणि कशामुळे झाला, ते स्पष्ट करा.' खाली कोर्नेलिसची सही आणि बारेकचा अंगठा. तिच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नव्हत्या, त्यामुळे कागदावर नुसता काळा गोल उमटला.

तो कागद त्यांनी बोटीने शेजारच्या बेटावरच्या शहरात, सरकारी कचेरीत नेऊन दिला. तिथल्या माणसाने वरवर पाहिले आणि चौकशी करून कळवतो म्हणाला. नंतर एक उत्तर आले. त्यात कळवले होते की सदर व्यक्तीचा मृत्यू नैसर्गिक कारणाने झाला आहे. केवाने ते वाचले, आपल्या प्रश्नातल्या तीन शब्दांखाली पुन्हा रेघा मारल्या आणि तोच कागद नव्याने लिहून पाठवला. त्यालाही आता बरेच दिवस झाले.

केवा सध्या शहरात शिक्षिका होण्यासाठी शिकते आणि सकाळी एका दुकानात काम करते. मी तिच्या खोलीत असते. तोकान गुरुजी निवृत्त झाले. पण अजून दुपारी चिंचेखाली काही मुले जमतात आणि उत्तरे न लिहिता प्रश्न वाचतात. बारेक तिथून जाताना थांबते, ऐकते आणि पुढे जाते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी फळी, पाटी, मोडकी पेन्सिल असेल. तिला जपा. तिच्यावर कुणाचा तरी हात टेकलेला असतो. परीक्षेला बसाल तेव्हा येते म्हणून धावत सुटू नका, समोरच्याने काय मागितले आहे ते आधी बघा. आणि मोठे व्हाल, एखाद्या कचेरीत टेबलामागे बसाल, आणि शिंगासारख्या कडक बोटांची एखादी बाई तुमच्यासमोर कागद ठेवील, तेव्हा तोही असाच वाचा. शेवटपर्यंत. आणि तिने जे विचारले आहे, त्याचेच उत्तर द्या.